एकतीस डिसेंबरची वही

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश येतात. पहिल्यात फुगे, केक आणि नव्या वर्षाचे संकल्प असतात. दुसऱ्यात मुसलमानाने ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या किंवा नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही, यावरचे लांबलचक फतवे असतात. दोन्ही संदेश पाठवणारे माझेच मित्र. पण आपले ख्रिस्ती शेजारी त्या रात्री काय करतात, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नसतं. मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. जे कळलं, ते एका बाईंमुळे कळलं. त्यातून माझ्याच घरातली एक जुनी गोष्ट उघडी पडली, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमचं पारशिवनी म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ३१ डिसेंबरला दुपारपासूनच नागपूरच्या गाड्या पेंचच्या जंगलाकडे, कोलितमाऱ्याच्या बाजूला पळू लागतात. ढाब्यांवर गर्दी होते. गावातली पोरं कोणाच्या तरी शेतात चूल मांडतात. त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतून एक बाई अंगावर शाल घेऊन, कापडी पिशवीत बायबल घालून बसस्टँडकडे निघायच्या. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. माझ्या अम्मीला त्या भाभी म्हणायच्या. आता त्या हयात नाहीत. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून लिहीत नाही.

सिस्टरांकडे एक शंभर पानी वही होती. डाव्या पानावर देणं, उजव्या पानावर घेणं. देण्याच्या बाजूला दूधवाल्याची बाकी, किराण्याची बाकी, कोणाकडून आणलेली वाटीभर साखर, असं सगळं असे. त्यात अधूनमधून वेगळ्याच नोंदी असत. अमुक बाईवर विनाकारण ओरडले. तमक्याला उद्या येते म्हणाले आणि गेले नाही. डिसेंबरचे शेवटचे आठ-दहा दिवस त्या ही बाजू मिटवत फिरायच्या. पैसे द्यायचे तिथे पैसे, माफी मागायची तिथे माफी. ३१ तारखेला दुपारी उजव्या बाजूची पानं, म्हणजे लोकांकडून त्यांना येणं असलेल्या रकमांची पानं, फाडून चुलीत टाकायच्या. मग चर्चला जायच्या.

मी सातवी-आठवीत असेन. अशाच एका ३१ तारखेला त्या आमच्या दारात आल्या. अम्मीने बसायला सांगितलं, पण बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "भाभी, एक माफी मागायची आहे." माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी अम्मी दवाखान्यात होती, तेव्हा वॉर्डातली एक चादर हरवली होती. सिस्टरांच्या मनात अम्मीबद्दल संशय आला. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, पण नंतर कितीतरी महिने अम्मीशी तुटक वागल्या. पुढे ती चादर दुसऱ्याच गाठोड्यात सापडली. अम्मी हसली आणि म्हणाली, "अहो बाई, मला तर हे ठाऊकच नव्हतं." सिस्टर म्हणाल्या, "मला ठाऊक होतं ना."

त्या गेल्यावर अम्मी बराच वेळ चुलीपाशी गप्प बसून होती. रात्री अब्बांना एवढंच म्हणाली, की अशी माफी आजवर तिच्याकडे कोणी मागितली नाही.

सिस्टर ज्या उपासनेला जायच्या तिला वॉच नाइट म्हणतात. रात्री साडेनऊ-दहाला लोक जमतात. गाणी, वाचन, प्रवचन, सरत्या वर्षाबद्दल साक्ष, मग काही वेळ शांतता. बारा वाजता घंटा होते आणि लोक एकमेकांना हात देतात. या प्रथेची सुरुवात कुठे झाली ते वाचलं, तेव्हा मला आमचाच तालुका आठवला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ किंग्सवूड नावाचा कोळसा खाणीचा भाग आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या प्रवचनांनी तिथले खाणमजूर बदलले. शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवण्याची त्यांची जुनी सवय होती. तीच रात्र ते प्रार्थनेत जागवू लागले. काही जणांनी वेस्लीकडे तक्रार केली, की हे थांबवा. त्याने थांबवलं नाही, उलट १७४२ पासून स्वतःच अशा रात्री भरवल्या. पुढे ही प्रथा वर्षाच्या शेवटच्या रात्रीशी जोडली गेली. आमच्या तालुक्यात कन्हान, कांद्री, टेकाडीचा पट्टा कोळशाचाच आहे. पाळी संपल्यावर पगाराची रात्र कुठे जाते, हे इथल्या बायकांना विचारा. खाणमजुराने ती रात्र स्वतःहून सोडली, एवढ्या एका गोष्टीतून ही उपासना उभी राहिली.

वेस्लीने आणखी एक उपासना सुरू केली, कराराची. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात ती पहिल्यांदा झाली. माणसाने स्वतःला पुन्हा एकदा देवाच्या स्वाधीन करायचं, सुख मिळो की दुःख, काम मिळो की रिकामपण, असा तिचा आशय. मेथडिस्ट मंडळ्यांत ती आता बहुधा जानेवारीच्या पहिल्या रविवारी होते. जानेवारीचा पहिला पूर्ण आठवडा प्रार्थनेत घालवण्याची जगभरच्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची जी पद्धत आहे, तिची हाक तर आपल्याच देशातून गेली. पंजाबात लुधियानाला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. तिथल्या लोकांनी १८५८ मध्ये आवाहन केलं, की १८६० च्या जानेवारीत सगळीकडच्या ख्रिस्ती लोकांनी एक आठवडा एकत्र प्रार्थना करावी. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा छापखाना जळाला होता. त्या राखेतून उठलेल्या माणसांची ती हाक होती.

कॅथलिकांची रीत थोडी वेगळी. तिथे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याचा संस्कार वर्षभर चालू असतो. रोज दोनदा आपला दिवस तपासायचा, ही इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात घालून दिलेली शिस्तही आहे. १९६८ पासून १ जानेवारी हा दिवस कॅथलिक चर्च जागतिक शांतता दिन म्हणून पाळतं. पोप सहावे पॉल यांनी तो सुरू केला. म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्या मनाबरोबर जगाच्या भांडणांचाही विचार करायचा.

१ जानेवारीला ख्रिस्ती धर्मात मुळात काही पावित्र्य नाही, हेही सांगितलं पाहिजे. चर्चचं धार्मिक वर्ष नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. खुद्द इंग्लंडात १७५२ पर्यंत कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. सिस्टरांना मी एकदा हे ऐकवलं. मला वाटलं, त्या गोंधळतील. त्या म्हणाल्या, "बँकवाले मार्चमध्ये हिशेब मिटवतात, मी डिसेंबरमध्ये. मिटवला म्हणजे झालं."

मराठी ख्रिस्ती समाजाचा या बाबतीतला अनुभव तर आपल्या नागपूरशीच जोडलेला आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये या भागात आले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून शहरात उभं आहे. कामठीच्या छावणीतली जुनी चर्चेस तर आपण येता-जाता पाहतो. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एक मोठी गोष्ट घडली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक गट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा सहा वेगवेगळ्या प्रवाहांनी आपली जुनी नावं बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एक चर्च बनवलं. त्याआधी चाळीस वर्षं बोलणी चालू होती. बाप्तिस्मा बालकाला द्यायचा की जाणत्या माणसाला, बिशप असावा की नसावा, अशा प्रश्नांवर हे लोक पिढ्यान् पिढ्या वेगळे राहिले होते. आपल्याकडे देवबंदी, बरेलवी, अहले हदीस यांच्या मशिदींच्या पाट्या वाचताना मला ही तारीख आठवते. सहा जमातींनी नागपुरात बसून आपापला अहंकार थोडाथोडा सोडला, याला मी आत्मपरीक्षण म्हणेन. नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, पण तेवढं तरी घडलं.

नारायण वामन टिळकांचा रस्ताही याच भागातून गेला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले आणि त्यांनी बायबलचा नवा करार हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र लक्ष्मीबाईंची गोष्ट जास्त मोलाची वाटते. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ती लगेच ख्रिस्ती झाली नाही, वर्षानुवर्षं झाली नाही. तिने आधी स्वतःशी विचार केला, की हा जातीचा विटाळ कोणी निर्माण केला. देवाने केलेला नाही, अशी खात्री पटली तेव्हा तिने कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतरचा. 'स्मृतिचित्रे'तला हा भाग वाचताना मला नेहमी वाटतं, की त्या बाईचं खरं नवं वर्ष पाण्याच्या एका पेल्यापाशी सुरू झालं. आणि टिळकांना ख्रिस्ती होऊनही स्वस्थता नव्हती. १९१७ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळे तिथे चालणार होते.

पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी गट जमवले. त्या वर्षी तिथे जी धार्मिक जागृती झाली, तिच्याबद्दल आजही लिहिलं जातं. पण ज्या मुली त्या प्रार्थनेत होत्या, त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात, म्हणजे आपल्याच त्या वेळच्या प्रांतात, स्वतः हिंडल्या आणि अनाथ, विधवा मुली गोळा करून घेऊन गेल्या. आधी ताटात भाकर पडली, प्रार्थनेची जागृती नंतर आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

अब्बा गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, ३१ डिसेंबरला, सिस्टरांचा मुलगा बाहेरगावी होता. त्यांनी मला विचारलं, कामठीला सोडशील का. मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. थंडी मरणाची होती. बाहेर थांबून काय करणार, म्हणून आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. पाळकांनी त्या रात्री जक्कयची गोष्ट सांगितली. ती लूकच्या शुभवर्तमानात आहे. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो, की मी माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. त्याच्या घराचं तारण झालं, हे येशूचे शब्द त्यानंतर येतात. पाळक म्हणाले, जक्कय रडला असं बायबलात कुठेही लिहिलेलं नाही, त्याने आकडा सांगितला असं लिहिलं आहे.

बारा वाजता लोक पुढे जाऊन एका टोपलीतून कार्डं उचलू लागले. त्याला प्रॉमिस कार्ड म्हणतात. प्रत्येक कार्डावर बायबलातलं एक वचन असतं आणि ते आपल्यासाठी या वर्षाचं देवाचं आश्वासन, असं मानतात. परतताना मी सिस्टरांना त्यांचं कार्ड विचारलं. त्या म्हणाल्या, "दर वर्षी आशीर्वादच निघतो. मजुराची मजुरी दाबून ठेवू नका, असं कार्ड चाळीस वर्षांत कोणाला निघालं नाही. छापतच नसतील." स्वतःच्या लोकांबद्दल असं बोलायची त्यांची रीत होती. चर्चमध्येही जात शिल्लक आहे, हे त्या उघड बोलत. लग्न ठरवताना मूळची जात विचारली जाते, हे त्यांनी आपल्याच नात्यात पाहिलं होतं. त्यामुळे मी इथे ख्रिस्ती समाजाला आदर्श म्हणून उभं करत नाही. त्यांच्याकडेही बाराची घंटा होते आणि एक तारखेला बरेच जण जिथल्या तिथे असतात. पण त्यांच्या धर्माने आणि आपल्या धर्माने एक गोष्ट अगदी सारखी सांगितली आहे, आणि तीच दोन्हीकडे सर्वांत आधी विसरली जाते.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, की वेदीवर अर्पण घेऊन गेलात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी भावाशी समेट करा, मग या. आपल्याकडे तौबेच्या अटी उलेमांनी सांगितल्या आहेत. गुन्हा थांबवणं, मनापासून पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय करणं. पण गुन्हा माणसाविरुद्ध असेल तर चौथी अट लागते, त्याचा हक्क त्याला परत करणं किंवा त्याच्याकडून माफ करून घेणं. याला हुकूकुल इबाद म्हणतात, बंद्यांचे हक्क. पैगंबरांनी (स.) एकदा सोबत्यांना विचारलं, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही तो. पैगंबरांनी सांगितलं, की माझ्या उम्मतचा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील आणि शेवटी त्याच्याजवळ काही उरणार नाही.

स्वतःचा हिशेब घेण्याला आपल्याकडे मुहासबा म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये एक सूफी होऊन गेले. त्यांनी यावर इतका भर दिला, की त्यांचं नावच अल-मुहासिबी पडलं. इमाम गझालींनी मनाला धंद्यातल्या भागीदाराची उपमा दिली आहे. सकाळी त्याच्याशी अटी ठरवायच्या, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची, रात्री त्याच्याकडून हिशेब घ्यायचा. उद्यासाठी आपण पुढे काय पाठवलं आहे हे प्रत्येकाने पाहावं, ही कुरआनची आज्ञा सूरह हश्रमध्ये आहे. शबे-बरातला आपण रात्र जागवतो, कबरस्तानात जातो, हलवा वाटतो. मोहरमला आपलंही वर्ष बदलतं. म्हणजे साधनं आपल्याकडेही कमी नाहीत. मग शेजारणीच्या वहीचं एवढं काय, असं कोणी विचारेल. माझं उत्तर असं, की शबे-बरातच्या किती रात्री मी जागलो ते मला सांगता येईल, पण त्या रात्रीच्या आधी कोणाच्या दारात गेलो, हे सांगता येत नव्हतं.

कामठीहून परतताना माझ्या डोक्यात जक्कयचा आकडा घोळत होता. आमची सहा एकर शेती आहे. पेंचच्या कालव्याचं पाणी येतं, धान आणि कापूस होतो. अम्मी आधीच गेली होती. अब्बा गेले तेव्हा आम्ही दोन भाऊ आणि दोन बहिणी मागे राहिलो. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. शरियतच्या या हिशेबाने आम्हा भावांचे दोन-दोन एकर आणि बहिणींचा एक-एक. वकिलाकडेही जायला नको, एवढं सोपं गणित. पण आम्ही काय केलं? चाळिसाव्यानंतर महिनाभराने दोघी बहिणींना बोलावलं, बिर्याणी केली, दोन साड्या आणल्या आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. फेरफार झाला. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. बहिणींनी एक शब्द काढला नाही. गावात सगळे असंच करतात. हिंदू करतात, मुसलमान करतात. मागेल ती बहीण वाईट, सोडेल ती गुणी. आणि मी त्या वर्षी रमजानचे तीसही रोजे ठेवले होते.

तलाकपासून वारशापर्यंत कोणी आपल्या कायद्याबद्दल बोललं, की आपण लगेच सांगतो, इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला. अगदी खरं आहे. मीही हे भाषणात सांगितलं आहे. इस्लामने दिला आणि मी बिर्याणी खाऊ घालून परत घेतला. कोणी म्हणेल, बहिणींनी राजीखुशीने सोडला. मी स्वतःला तसंच समजावत होतो. पण 'नाही' म्हटलं तर माहेर तुटेल, ही भीती ज्या सहीमागे आहे, ती राजीखुशीची सही नव्हे. सिस्टरांचं ते वाक्य तेव्हा फार टोचलं. बहिणी काही बोलत नव्हत्या. मला ठाऊक होतं ना.

पुढच्या आठवड्यात मी आपाकडे गेलो. तिला वाटलं, कोणी आजारी आहे. मी विषय काढला तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "राहू दे रे, लोक काय म्हणतील." मी माझ्याकडचा जास्तीचा एक एकर हिशेबात धरला. दोघींना त्यातला अर्धा-अर्धा. एवढे लहान तुकडे वेगळे करून नावावर चढवणं अवघड, म्हणून त्या वेळच्या भावाने पैसे द्यायचं ठरलं. एकरकमी माझ्याकडे नव्हते. तीन हंगामांत फेडले. धाकटीने तिच्या पैशातून मुलीला नर्सिंगला घातलं. सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि विचारलं, "चौपट नाही ना दिलेस?" मी म्हटलं, नाही. म्हणाल्या, "ठीक आहे. सुरुवात आहे."

सध्या दिवस असे आहेत, की ख्रिस्ती माणसाच्या घरी चार लोक प्रार्थनेला जमले तरी बाहेर कोणी तरी संशयाने उभं राहतं. दारावर जमाव येण्याची भीती आपल्यालाही नवी नाही, म्हणून ती आपण ओळखायला हवी. सिस्टर तीस वर्षं आमच्या उंबऱ्यावर आल्या. आमच्या घरात बायबल बोलल्या, आम्ही त्यांच्या घरी ईदचा शिरखुर्मा नेला. अम्मी कलमा पढतच गेली आणि सिस्टर येशूचं नाव घेतच गेल्या. त्यांच्या येण्याने आमच्यातल्या कोणाचा धर्म बदलला नाही. माझ्या बहिणींना मात्र त्यांच्या हक्कातलं काही परत मिळालं. आमच्या कुरआनमध्येच सूरह मायदात म्हटलं आहे, की ख्रिस्ती लोक तुम्हाला प्रेमाने जवळचे वाटतील, कारण त्यांच्यात अभ्यासू आणि वैरागी लोक आहेत आणि ते गर्व करत नाहीत. शुभेच्छांच्या वादात ही आयत कोणी पुढे पाठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ३१ डिसेंबरला कोणी चर्चला जावो, कोणी घरी झोपो, कोणी मोहरमपासून वर्ष मोजो. शुभेच्छा द्यायच्या की नाहीत, हा वाद वर्षभर पुरवायची गरज नाही. दहा रुपयांची वही आणा. डाव्या पानावर देणं लिहा. मजुराची बाकी, बहिणीचा वाटा, बायकोचा न दिलेला मेहर, शेजाऱ्यावर घेतलेला खोटा संशय. देवाकडे माफी मागायची ती मागाच, पण त्या पानावरची माणसं जिवंत असेपर्यंत आधी त्यांच्या दारात जा. उजव्या पानावर जे येणं असेल, त्यातलं सोडण्यासारखं सोडून द्या. मराठी बायबलात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'ऋण' हाच शब्द आहे. आपल्याकडे कुरआन सांगतो, की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं.

सिस्टरांच्या पश्चात मी ही वही ठेवायला लागलो. या वर्षी माझ्या डाव्या पानावर एक ओळ शिल्लक आहे. माझ्या भावाकडे बहिणींचा उरलेला एक एकर आहे. तो म्हणतो, सह्या झाल्या, विषय संपला. त्या सह्या घेताना मीच त्याच्याशेजारी बसलो होतो, कागद मीच लिहून आणला होता. त्यामुळे त्याचं देणं माझ्याही वहीत आहे. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर त्याच्या घरी जाणार आहे. तो ऐकेल की नाही, ठाऊक नाही. गेल्या वर्षी ऐकलं नव्हतं.